एका रस्त्याची त्रेचाळीस हळदीकुंकवं

"नंबर काय घराचा?"

काकूंना कुठलीही गोष्ट सांगायला लागा, दुसऱ्या वाक्याला हा प्रश्न यायचा. ब्लॉकमध्ये कुणाला मुलगी झाली, बाराव्या मजल्यावरच्या आजोबांचा पाय मोडला, कुणाची नोकरी गेली, बातमी आनंदाची असो की दुःखाची, काकू चष्मा कपाळावर सरकवायच्या, डावा हात वर करून आपल्याला थांबवायच्या आणि विचारायच्या, "ते राहू दे. नंबर काय घराचा?" नंबर सांगता आला नाही की त्यांचा त्या बातमीतला रस संपला. "मग ती अफवा," असं म्हणून त्या पुढ्यातल्या कॉफीकडे वळायच्या.

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. सगळं जग एकाच मापाने मोजतात. कुणी सोन्याच्या भावाने मोजतं, कुणी तिथीने. काकू घराच्या नंबराने मोजायच्या, आणि त्याला कारण होता एक रस्ता.

लंडनच्या वायव्येला, ट्यूब रेल्वेची लाइन संपायच्या दोन स्टेशनं आधी एक उपनगर आहे. तिथल्या हेझलमूर रोडवर, सतरा नंबरच्या घरात काकू चव्वेचाळीस वर्षं राहिल्या. गेल्या तेव्हा बावीस वर्षांच्या, नव्या नवरी होत्या. पुढे तिथल्याच लायब्ररीत नोकरी केली. काका गेल्यावर दोन वर्षांनी मुलाने त्यांना सिंगापूरला आणलं, क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा त्यांना इथे येऊन सहा वर्षं झाली होती, तरी इथला पत्ता सांगताना त्या अडखळायच्या. "इथे ब्लॉकला नंबर, मजल्याला नंबर आणि मग दाराला नंबर. तीन नंबर घेऊन फिरायचं, आणि शेजारी कोण ते एकालाही माहीत नाही."

मी त्यांच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले खाली एक खोली भाड्याने घेऊन राहते. वन-नॉर्थला एका संशोधन संस्थेत नोकरी आहे. शास्त्रज्ञांनी लिहिलेले लांबलचक अहवाल कापून छोटे करायचे, हे माझं काम. मी फार बोलत नाही. लग्न केलेलं नाही. शनिवारी लायब्ररीत जाऊन बसते. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर काकूंचा मुक्काम असे. एकदा माझ्या हातात मराठी पुस्तक दिसलं आणि त्यांनी कसलीही प्रस्तावना न करता विचारलं, "अक्षर बरं आहे का गं तुझं?"

"बरं आहे."

"मग बस इथे. माझी बोटं आता वळत नाहीत."

मी बसले ती चार वर्षं.

काम होतं त्या रस्त्याचा इतिहास लिहिण्याचं. त्या उपनगरात हौशी लोकांचं एक इतिहास मंडळ होतं. निवृत्त शिक्षक, निवृत्त सर्व्हेयर, चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या एक बाई, असे सात-आठजण. ते सगळ्या उपनगराचा जाडजूड इतिहास छापणार होते आणि हेझलमूर रोडचं प्रकरण त्यांनी काकूंकडे मागितलं होतं. लायब्ररीत इतकी वर्षं काढलेली बाई. तिला सगळे ओळखत आणि ती सगळ्यांना.

अशा पुस्तकांत साधारण काय असतं, ते काकू बोटांवर मोजून दाखवायच्या. आधी गवताची कुरणं होती. मग रेल्वे आली. मग एका बिल्डरने जोडीजोडीने घरं बांधली. पुढे अर्धगोल खिडकी, कमरेइतकं झुडपांचं कुंपण, मागे लांबट बाग. मग चर्चला घंटा आली, क्रिकेट क्लबला पॅव्हिलियन आलं, नाक्यावर रेडिओचे भाग करणारा कारखाना आला आणि गेला. "इतकी घरं बांधली म्हणतात," काकू म्हणायच्या, "आणि पुस्तकभर एकही बाई घरात दिसत नाही. पाद्र्याची बायको तेवढी दिसते, ती पण फीत कापताना."

त्यांच्याकडे मात्र त्या बायका होत्या. त्रेचाळीस वर्षांच्या हळदीकुंकवाच्या याद्या, शाळेच्या वह्यांत, दर वर्षीची एक. तीन रकाने: घराचा नंबर, नाव, काम.

"काम कशाला लिहायचात?" मी पहिल्याच शनिवारी विचारलं.

"वेळ ठरवायला. कारखान्यातल्या साडेपाचला सुटायच्या. शाळेच्या स्वयंपाकघरातली तीनला मोकळी. टेलिफोन एक्स्चेंजवाल्या दोघी पाळीने. सगळ्यांना चारला या म्हटलं तर निम्म्या यायच्याच नाहीत. मग माझं हळदीकुंकू चारला सुरू व्हायचं आणि आठला संपायचं."

म्हणजे कुठल्या वर्षी कुठल्या घरातली बाई कुठे कामाला होती, कारखाना बंद पडला त्या वर्षी किती जणी घरी बसल्या, कोण म्हातारपणी पुन्हा दुकानात उभी राहिली, हे सगळं त्या वह्यांत होतं. कुणी इतिहास म्हणून लिहिलेलं नव्हतं. वाण किती आणायचं आणि कुणाला कधी बोलवायचं, एवढ्यासाठी लिहिलेलं.

पहिल्या हळदीकुंकवाची गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. काकू आल्या आणि त्या रस्त्यावर पहिलं भारतीय बिऱ्हाड झालं; त्याच आठवड्यात तीन घरांपुढे "विकणे आहे"च्या पाट्या लागल्या. तीन नंबर, आठ नंबर आणि एकवीस नंबर. काकांनी समजूत घातली की योगायोग असेल. काकूंनी पाट्या मोजल्या आणि वहीत नंबर लिहून ठेवले. पुढच्या संक्रांतीनंतर त्यांनी ट्रंकेतल्या स्टीलच्या बारा वाट्या काढल्या, तिळाच्या वड्या केल्या, आणि रस्त्यावरच्या बारा दारांची घंटी वाजवून, "रविवारी चहाला या, फक्त बायका," असं आमंत्रण दिलं.

बाराच्या बारा आल्या. टोप्या, हातमोजे घालून. ही काहीतरी धर्मादाय मदतीची सभा असावी, या समजुतीने तिघींनी केक आणले होते. कुंकू लावून घेताना सगळ्या दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारख्या डोळे मिटून बसल्या. वाटी घेतली, वडी खाल्ली, हवा फार थंड आहे यावर एकमत झालं आणि सगळ्या घरी गेल्या.

मंगळवारपर्यंत बाराही वाट्या दारात परत आल्या. घासून, पुसून.

"मी स्वयंपाकघरात बसून रडले," काकू म्हणाल्या. "दिलेलं वाण कुणी परत करतं का? मला वाटलं, सगळ्यांनी मिळून ठरवलं."

शेवटची वाटी चौदा नंबरच्या मिसेस टॅनर घेऊन आल्या होत्या. त्यांनी काकूंचे डोळे पाहिले आणि विचारलं काय झालं. काकूंनी आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं पण दुसऱ्या बाईचं भांडं ठेवून घ्यायचं नसतं. आईने एवढं तरी शिकवलंय आम्हाला." मग त्या खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या, आणि काकूही. त्याच बाई संध्याकाळी काकूंबरोबर अकरा घरी गेल्या आणि प्रत्येक दारात समजावून आल्या की हे ठेवून घ्यायचं असतं, ही त्यांच्याकडची पद्धत आहे.

याच मिसेस टॅनरवरून दुसरा प्रकार झाला. त्या हळदीकुंकवाला दोन बस बदलून एक मराठी बाई आल्या होत्या, काकूंपेक्षा वयाने मोठ्या. जाताना त्यांनी काकूंना जिन्याखाली गाठलं.

"चौदा नंबरवाली विधवा आहे ना गं? नवरा लढाईत गेला म्हणाली मला. तिला कुंकू लावलंस तू."

"मला माहीत नव्हतं."

"आता झालं ना माहीत."

काकूंनी घाबरून वाईला आईला पत्र लिहिलं. आईचं उत्तर आलं: अजाणता झालं त्याला दोष नाही, पुढच्या वर्षी तिला बोलावू नकोस म्हणजे झालं.

"मग?" मी विचारलं.

"मग पुढच्या वर्षी पहिली घंटी चौदा नंबरची वाजवली. अजाणता केलं तर दोष नाही म्हणे. म्हणून जाणून केलं."

त्या रस्त्यावर लढाईत नवरे गेलेल्या पाच बायका होत्या. पाचही जणी यादीत आल्या. सवाष्ण की विधवा असा रकाना काकूंच्या वहीत त्रेचाळीस वर्षांत एकदाही नव्हता. बेचाळिसाव्या वर्षी काकू स्वतः विधवा झालेल्या होत्या. मुलगा म्हणाला होता, यंदा राहू दे. काकूंनी दरवर्षीसारखी वही काढली. त्या दिवशी एकवीस नंबरच्या मिसेस क्रॉफ्ट काठी टेकत, बर्फातून रस्ता ओलांडून आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. बसल्या नाहीत. करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन त्यांनी काकूंच्या कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "दरवर्षी तूच काय लावायचं?"

एकवीस नंबर तुमच्या लक्षात असेल. पाटी लावलेल्या तीन घरांतलं एक. ती पाटी चार महिन्यांनी उतरली होती. का लावली, का उतरवली, मिसेस क्रॉफ्ट कधी बोलल्या नाहीत आणि काकूंनी कधी विचारलं नाही. वहीत फक्त एवढंच दिसतं की तिसऱ्या वर्षापासून एकवीस नंबर आला आणि मग कधी चुकला नाही.

हे सगळं आम्ही अडतीस पानांत लिहिलं. काकू सांगायच्या मराठीत, मी लिहायचे मराठीत, मग दोघी मिळून इंग्रजी करायचो. एका वाक्यावर कधीकधी अख्खा शनिवार जायचा. नात अधूनमधून बबल टी घेऊन डोकवायची. एकदा ती म्हणाली, "आजी, नोबडी वॉन्ट्स टू नो लाह."

"कोण नोबडी? कुठे राहतो?" काकूंनी विचारलं. नात हसत निघून गेली.

एका रविवारी मी त्यांना सेरंगूनच्या पुढे एक जुनी वसाहत दाखवायला नेलं. इंग्रज असताना त्यांच्या लोकांसाठी वसवलेली; अजून गल्ल्यांना इंग्लंडमधल्या गावांची, बागांची नावं आहेत. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. काकू छत्री उघडून दोन गल्ल्या चालल्या, फाटकांवरचे नंबर वाचत. "विषम एका बाजूला, सम एका बाजूला. हे बरोबर केलंय." मग थांबून म्हणाल्या, "नावं आणली, कुंपणं विसरले. कुंपणावरून बोलता येत नसेल तर बायका बोलणार कुठे?" एका फाटकाशी एक चिनी आजोबा झाडांना पाणी घालत होते. काकूंनी त्यांना थेट विचारलं, या नंबरला किती वर्षं. ते म्हणाले, "सिन्स स्मॉल, ऑन्टी. फादर बाय." मग पुढचा पाऊण तास त्या उन्हात त्या माणसाने आपल्या आईचं नाव, शेजारणीचं नाव आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत कोण काम करायचं ते सगळं सांगितलं. काकूंनी पर्समधून बसचं तिकीटसुद्धा काढलं लिहायला. शेवटी मी वही दिली.

"बघ," परत येताना त्या म्हणाल्या, "विचारत कुणी नाही. सांगायला सगळे बसलेत."

आमचं प्रकरण मंडळाला पाठवलं. दोन महिन्यांनी त्यांच्या संपादकांचं, म्हणजे त्या निवृत्त सर्व्हेयरांचं, उत्तर आलं. फार सभ्य पत्र होतं. लेखन मोहक आहे, पण जागा दोन पानांचीच आहे. घरांचे नंबर काढावेत, कारण त्या कुटुंबांचे वारस अजून आसपास आहेत. पाट्यांबद्दल काही गैरसमज झालेला असावा. त्याऐवजी "नव्याने आलेल्यांचं रस्त्याने मनापासून स्वागत केलं" असं म्हणता येईल. मिसेस क्रॉफ्ट यांचा कुंकवाचा प्रसंग मात्र हृदयस्पर्शी आहे, तो अवश्य ठेवू. घरगुती समारंभाच्या याद्या पुरावा म्हणून देता येत नाहीत. आणि काकूंचा साडीतला एखादा फोटो असल्यास उत्तम.

काकूंनी पत्र दोनदा वाचलं. "घरगुती समारंभाची यादी पुरावा नाही. क्रिकेट क्लबाच्या जेवणाला कोण होतं, त्याचं परिशिष्ट आहे त्यांच्या पुस्तकात. चार पानी." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पाटी काढायची आणि काठी ठेवायची. पाटीच नव्हती तर ती म्हातारी बर्फातून कशाला आली, ते कुणाला कळणार?"

आता माझी चूक सांगते. मला वाटलं, काहीच न छापण्यापेक्षा दोन पानं बरी. कापणं हे माझं पोटापाण्याचं काम. मला ते चांगलं येतं. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून मी अडतीस पानांची दोन केली आणि शनिवारी काकूंपुढे ठेवली. सुबक झाली होती. आमच्या ऑफिसात कुणी शाबासकी दिली असती.

काकूंनी ती वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मिसेस टॅनर कुठे गेल्या?"

"त्या 'काही शेजारणी' यांत आल्या."

"आणि कारखान्यातल्या?"

"त्या पण."

"बरं." त्यांनी कागदांची नीट घडी घातली. "तुम्ही फार मेहनत घेतलीत."

आठ दिवस त्यांनी मला अहो-जाहो केलं. लिफ्टमध्ये भेटल्या तर, "बऱ्या आहात ना?" खाली वॉइड डेकमध्ये, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, बाकावर बसलेल्या दिसल्या तर सरकून जागा द्यायच्या आणि "बसा" म्हणायच्या. माझ्या आईने मला मारलेलं आहे, साहेबांनी झापलेलं आहे. त्या "बसा"इतकं काही लागलेलं नाही.

मी क्षमा मागायला गेले नाही, कारण काय म्हणायचं ते सुचेना. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर त्रेचाळीस याद्या पुढे घेऊन मी एक सूची करायला लागले. प्रत्येक बाईचं नाव, नंबर, काम, पहिलं वर्ष, शेवटचं वर्ष. एकशे बारा बायका भरल्या. पुढच्या रविवारी ती घेऊन मी वर गेले. सून दार उघडून बाजूला झाली. काकू डायनिंग टेबलाशी बसून अर्धा तास बोट फिरवत वाचत राहिल्या.

"छत्तीस नंबरची एक्स्चेंजला नव्हती," शेवटी म्हणाल्या. "पोस्टात होती. दुरुस्त कर."

"कर" ऐकलं आणि मला पेन सापडेना.

त्याच दिवशी त्यांनी मंडळाला कळवलं की प्रकरण परत घेत आहे. मुलगा शेजारीच सोफ्यावर होता. भला माणूस आहे. आयटीत मोठ्या हुद्द्यावर, आईशी कधी आवाज चढवून बोललेला नाही. तो म्हणाला, "आई, त्या पाट्या माझ्या जन्माआधीच्या. मी त्याच घरांतल्या पोरांबरोबर खेळलो. कशाला उकरून काढतेस?"

"तू खेळलास, कारण एक पाटी खाली आली. दोघं घरं विकून गेले आणि एक जण राहिली. तेवढंच लिहिलंय मी. स्वागत केलं त्यांचे नंबर दिलेत, नाही केलं त्यांचेही दिलेत. एक ठेवून दुसरं काढायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या घरचं काढावं."

"आणि आता हे वाचणार कोण?"

"ज्यांचा रस्ता आहे ते."

क्लेमेंटी स्टेशनजवळ विद्यार्थ्यांचे प्रबंध छापून बांधून देणारं एक दुकान आहे. आम्ही दोघी गेलो. दुकानदार मुलीने विचारलं, "ऑन्टी, थीसिस आ?" काकू म्हणाल्या, "येस." "विच युनिव्हर्सिटी?" "हेझलमूर रोड." मुलीने मान डोलवून ते पावतीवर लिहून घेतलं. सूचीसकट छप्पन्न पानांचं पुस्तक झालं. निळा पुठ्ठा. आमच्याकडे ठेवायची एक सोडून पंचेचाळीस प्रती, कारण घरं एक ते सेहेचाळीस, आणि तेरा नंबर त्या रस्त्यावर नाहीच.

आता तिथे कोण राहतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, पत्त्यांची लेबलं छापून देते. काकूंनी मान हलवली. "हळदीकुंकवाचं आमंत्रण छापील नसतं द्यायचं. दारात जाऊन द्यायचं असतं. जाता येत नाही, तर निदान हाताने तरी लिहू." ज्या बोटांना चहाचा कप पेलत नव्हता, त्या बोटांनी त्यांनी अकरा दिवसांत पंचेचाळीस पाकिटांवर पत्ते लिहिले. "घरातल्या बाईंस, नंबर एक." "घरातल्या बाईंस, नंबर दोन." तीन, आठ आणि एकवीसची अक्षरंही इतरांसारखीच होती, मी मुद्दाम पाहिली. शेवटच्या पानावर संपर्कासाठी त्यांनी माझा पत्ता घालायला लावला होता. "माझा भरवसा नाही," म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, बसच्या वेळेबद्दल बोलावं तसं. हृदयाचं दुखणं होतं. मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं.

पाकिटं पोस्टात टाकल्यावर तीन आठवड्यांनी, सकाळी, हॉस्पिटलमध्ये काकू गेल्या.

नेण्याआधी सुनेने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. जमलेल्या बायकांत थोडी कुजबुज झाली. "अगं, त्यांना..." असं कुणीतरी सुरू केलं. सुनेने मागे वळून पाहिलं नाही. बोट पुन्हा करंड्यात बुडवून तिने कुंकू आणखी ठळक केलं. मी कोपऱ्यात उभी होते, आणि दुःखाच्या त्या घटकेत मला खरोखर अभिमान वाटला. कशाचा, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

मग पत्रं यायला लागली. माझ्या नावावर, इंग्लंडहून. पहिलं चौदा नंबरचं. तिथे आता घानाहून आलेली एक नर्स राहते. तिने विचारलं होतं, माझ्या घरात आधी राहून गेलेल्या बायकांत रात्रपाळी करणारी कुणी होती का? मी सूची पाहून लिहिलं: होती, मिसेस टॅनर यांच्यानंतरची, कारखान्यात, सहा वर्षं. तीस नंबरच्या बाईने आपलं आणि आपल्या दोन्ही मुलींचं नाव, काम आणि वर्ष लिहून पाठवलं, पुढच्या आवृत्तीत घाला म्हणून. आठ नंबरचं पत्र चिडलेलं होतं. घर एकदा विकलं गेलं होतं, आणि मधल्या काळात पाटी लावणाऱ्या गृहस्थाच्या नातवाने ते परत विकत घेतलं होतं. आजोबांचं नाव बदनाम का केलं, असं त्याने विचारलं होतं. पाटी नव्हती असं मात्र त्याने लिहिलेलं नव्हतं. मी त्याला पान क्रमांक कळवला. एरवी मी अशा पत्राला उत्तर दिलं नसतं.

अशी नऊ पत्रं आली, आणि दहावं मंडळाच्या संपादकांचं. काकू गेल्याचं ऐकून वाईट वाटलं. मंडळाच्या बैठकीला हेझलमूर रोडवरचे काही लोक निळी पुस्तकं हातात घेऊन आले होते आणि हे इतिहासात का नाही असं विचारत होते. दुसरी आवृत्ती निघते आहे. त्यात काकूंचं प्रकरण श्रद्धांजली म्हणून घेण्याची इच्छा आहे. अर्थात थोडी काटछाट करावी लागेल. नंबर वगळू, आणि पाट्यांचा मजकूर सलोख्याच्या दृष्टीने टाळू. कुटुंबीयांची परवानगी कळवावी.

मी उत्तराचा मसुदा केला. चार परिच्छेद. आभार, त्यांच्या अडचणींची जाणीव, शक्य असल्यास फेरविचाराची विनंती. संध्याकाळी लॅपटॉप घेऊन वर गेले, कारण परवानगी मुलाने द्यायची होती. आई म्हणाली होती ते त्याला पटलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. पाट्यांचा मजकूर काढा म्हणाला असता, तर मला काही बोलता आलं नसतं. आई त्याची होती.

तो डायनिंग टेबलाशी बसला. आधी त्याने मसुदा वाचला नाही. निळं पुस्तक मागितलं. छप्पन्न पानं वाचायला त्याला दीड तास लागला. सुनेने मला भात-आमटी वाढली, मी जेवले. एका पानावर तो बराच वेळ थांबला होता. कुठलं पान, ते मी विचारलं नाही.

मग त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. आभार पुसले. अडचणींची जाणीव पुसली. "शक्य असल्यास" पुसलं. मी आयुष्यभर लोकांची वाक्यं कापत आले, पण इतकी साफ कापणी मी पाहिली नव्हती. शेवटी पडद्यावर एक ओळ उरली. संपूर्ण छापावं, नंबरांसकट आणि पाट्यांसकट, नाहीतर छापू नये.

खाली त्याने आपलं नाव लिहिलं. नावाखाली पत्ता लिहिला: सतरा, हेझलमूर रोड.

"आता तुम्ही तिथे राहत नाही," मी म्हटलं.

"त्यांना माहीत आहे," तो म्हणाला, आणि पाठवून दिलं.